स्टार्टअपमधलं पहिलं डेव्हरेल पद: गोव्यात बसून काम कसं उभं करायचं

लहान स्टार्टअपने डेव्हलपर रिलेशन्ससाठी (आपलं उत्पादन वापरणाऱ्या प्रोग्रॅमरांना मदत करून त्यांच्याशी नातं जोडण्याच्या कामासाठी), म्हणजे रोजच्या बोलीत डेव्हरेलसाठी, पहिला माणूस घेतला की त्याच्याकडे लगेच तीन मागण्या येतात: डिस्कॉर्डवर एक चॅट ग्रुप उघड, एक हॅकेथॉन, म्हणजे कोडिंगची स्पर्धा, भरव आणि दर आठवड्याला काहीतरी लिही. या तिन्ही गोष्टी थोड्या थांबू शकतात. अनोळखी डेव्हलपर तुमच्या वेबसाइटवर येतो तेव्हापासून त्याचा पहिला कोड चालेपर्यंत मध्ये काय काय घडतं, हे कंपनीत कुणालाच नीट ठाऊक नसतं. ते शोधणं आणि दुरुस्त करून घेणं हे पहिल्या माणसाचं पहिलं काम.

पणजी, पर्वरी, मडगाव, फोंडा अशा ठिकाणी बसून हे काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. संस्थापक बंगळूरला आणि तुम्ही फोंड्याला, असं असलं तरी अडत नाही. उदाहरणासाठी एकच काल्पनिक कंपनी धरून चालू: ती एसएमएस पाठवायची एपीआय (दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधून वापरता येणारी जोडणी) विकते, पाच-सात इंजिनिअर आहेत, थोडे ग्राहक आहेत आणि डॉक्स, म्हणजे ती कशी वापरायची याची पानं, संस्थापकाने रात्री जागून लिहिलेले आहेत.

होकार देण्याआधी

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. पहिला प्रश्न: डेव्हलपर आपलं उत्पादन फक्त वापरतो, की ते घ्यायचं की नाही हेही तोच ठरवतो? ठरवणारा भलताच कुणी असेल तर त्या कंपनीला आज विक्रीचा माणूस हवा आहे, डेव्हरेल नंतर.

दुसरा प्रश्न: मी कुणाला रिपोर्ट करणार? मार्केटिंगखाली गेलात की महिनाअखेरीला लीड्स, म्हणजे संभाव्य ग्राहक, मोजल्या जातात. इंजिनिअरिंगखाली गेलात की बग शोधण्यात दिवस संपतो. इतक्या लहान कंपनीत माझं मत ठाम आहे: थेट संस्थापकाला. तुम्ही आणलेली तक्रार त्याच्या एका शब्दाने मार्गी लागते.

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि त्यात तडजोड करू नका. डॉक्सच्या रेपॉझिटरीत, म्हणजे मूळ फाइलींच्या साठ्यात, स्वतः बदल करण्याची मुभा, सपोर्टचा इनबॉक्स वाचण्याची मुभा, आणि साइन-अपनंतर लोक कुठे गळतात ते दाखवणारा डॅशबोर्ड. हे पहिल्या दिवसापासून मिळणार नसेल तर तुमच्या हातात बोलण्यापलीकडे काही उरणार नाही. आणि शेवटचा प्रश्न: सहा महिन्यांनी माझं काम नीट चाललंय हे तुम्हाला कशावरून कळेल? उत्तर ‘फॉलोअर्स’ असेल तर तिथेच बसून दुसरं उत्तर ठरवून घ्या.

पैशाचंही लेखी घ्या. ईसॉप्स, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, बहुधा चार वर्षांत मिळतात आणि पहिलं वर्ष भरल्याशिवाय त्यातलं काहीच तुमचं होत नाही. ऑफर लेटरमध्ये हे स्पष्ट असू द्या. प्रवासाचा खर्च वेगळा मागा. बंगळूरची मीटअप तिथल्या संस्थापकाला रिक्षाने गाठता येते. तुम्हाला पणजीहून रात्रीची बस किंवा वास्कोहून यशवंतपूरची गाडी पकडावी लागते, शिवाय राहण्याचा खर्च. न सांगता हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिला पंधरवडा: परक्या माणसासारखं वापरून पाहा

नव्या ईमेलवरून साइन-अप करा. लॅपटॉप कुणाकडून तरी उसना घ्या, ज्यावर कंपनीचं काहीच बसवलेलं नाही. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. जे दिसेल, जे मनात येईल ते वेळेसकट लिहीत चला. या पद्धतीला फ्रिक्शन लॉग म्हणतात. लिहिताना काहीही दुरुस्त करायचं नाही, कुणाला फोनही करायचा नाही. तुमच्या काल्पनिक कंपनीची नोंद साधारण अशी दिसेल:

१०:०४. साइन-अपमध्ये कंपनीचं नाव सक्तीचं. विद्यार्थ्याने इथे काय लिहायचं?
१०:०७. क्रेडिट कार्ड मागितलं. अजून उत्पादन पाहिलेलंसुद्धा नाही. इथे मी परत गेलो असतो.
१०:१२. एपीआय की, म्हणजे माझी ओळख पटवणारा गुप्त कोड, सापडत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रगत’खाली आहे.
१०:१९. पहिला मेसेज पाठवला. उत्तर आलं २०२. फोनवर काहीच नाही.
१०:३१. अजून काहीच नाही. चूक माझी की त्यांची, कळायला मार्ग नाही.

शेवटच्या दोन ओळींवर थांबा, कारण खरं दुखणं तिथे आहे. एचटीटीपीचा २०२ हा कोड ‘विनंती स्वीकारली’ एवढंच सांगतो. काम झालं असं तो म्हणत नाही. सर्व्हरने मेसेज रांगेत टाकला आणि आपल्या बाजूने विषय संपवला. पुढे तो अडला, कारण भारतात व्यावसायिक एसएमएससाठी दूरसंचार कंपनीच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर आधी संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मेसेजच्या मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. दूरसंचार नियामक ट्रायचा हा नियम २०१८ पासूनचा. नोंदणी नसली की मेसेज वाटेतच थांबतो. कंपनीच्या इंजिनिअरला हे पाठ असतं. नव्या डेव्हलपरला या यंत्रणेचं नावही ऐकून माहीत नसतं, आणि मंजुरी यायला वेळ लागतो, तोवर त्याचा उत्साह संपतो.

म्हणून याच पंधरवड्यात संस्थापकांसोबत बसून एक व्याख्या पक्की करा: आपल्याकडे ‘पहिलं यश’ कशाला म्हणायचं? सर्व्हरचं उत्तर आलं याला, की डेव्हलपरच्या हातातला फोन वाजला याला? मी दुसऱ्याला म्हणेन. ही व्याख्या बदलली की डॅशबोर्डवरचे आकडे एकदम खाली येतात आणि बैठकीत शांतता पसरते. तरीही मागे हटू नका, कारण पुढची सगळी कामं याच व्याख्येवर ठरणार आहेत.

पुढचा महिना: लोकांच्या शेजारी बसा

आपली स्वतःची परकी नजर फार दिवस टिकत नाही. मग खऱ्या परक्या माणसांकडे जावं लागतं. ऑनलाइन पेमेंटच्या स्ट्राइप कंपनीचे संस्थापक पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन सुरुवातीच्या काळात असंच करत: कुणी ‘वापरून बघतो’ म्हटलं की लिंक पाठवण्याऐवजी ते तिथल्या तिथे त्याचा लॅपटॉप मागून घेत आणि जोडणी करून देत. तुम्ही आणखी एक पाऊल पुढे जा. लॅपटॉप मागू नका. शेजारी बसा आणि हात मांडीवर ठेवा.

गोव्यात यासाठी लांब जावं लागत नाही. फर्मागुडीला १९६७ पासूनचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज आहे, २०१६ मध्ये आयआयटी गोवाही तिथेच सुरू झाली. वेर्ण्याला पाद्रे कॉन्सेसाँव, फातोर्ड्याला डॉन बॉस्को, झुआरीनगरला बिट्स. डॉन बॉस्कोमध्ये फायर आणि वेर्ण्याला सिबा अशी इन्क्युबेशन केंद्रं आहेत, तिथे तुमच्यासारख्याच लहान कंपन्या बसतात. पणजी, पर्वरी, मडगावात हॉटेलांची बुकिंग, भाड्याच्या गाड्या, दुकानांचं बिलिंग यांची सॉफ्टवेअर बनवणारी तीन-चार माणसांची ऑफिसं आहेत. विद्यार्थी तुम्हाला सुरुवातीचे अडथळे दाखवतील. ही छोटी ऑफिसं पैसे देण्याआधी माणूस काय विचारतो ते दाखवतील. दोन्हीकडे जा.

कॉलेजच्या लॅबमध्ये काय दिसतं ते पाहा. मुलगी क्विकस्टार्टमधली, म्हणजे डॉक्सच्या झटपट सुरुवातीच्या पानावरची, कर्लची (सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या साधनाची) कमांड कॉपी करते, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पेस्ट करते, एंटर दाबते. पांढऱ्या ओळी धावतात.

“सर, चालना हें... चालत नाही.”

“काय लिहिलंय?”

“होस्ट सापडत नाही म्हणतं. पण नेट चालू आहे.”

“आता तू काय करशील?”

“गुगल.”

नेटमध्ये काहीच बिघाड नाही. डॉक्स लिहिणाऱ्याकडे मॅक आहे. मॅक आणि लिनक्सवर जेसनभोवती, म्हणजे पाठवायच्या माहितीच्या मजकुराभोवती, एकेरी अवतरणचिन्हं चालतात. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट त्यांना अवतरणचिन्हं मानतच नाही. मग जागा सोडलेली दिसेल तिथे मजकूर तुटतो, आतली दुहेरी चिन्हं गळून पडतात, आणि उरलेल्या तुकड्याला कर्ल वेबसाइटचा पत्ता समजून शोधत बसतं. ओळीच्या शेवटी टाकलेली उलटी तिरपी रेघही तिथे चालत नाही. पॉवरशेलमध्ये गेलात तर तिसराच प्रकार: विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘कर्ल’ हे भलत्याच कमांडचं टोपणनाव आहे. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत विंडोजच असतं. म्हणजे तुमची पहिलीच कमांड संपूर्ण वर्गाला अडवते, आणि यातलं खरं कारण तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसत नाही, कारण विनंती नीट पोचलेलीच नसते.

त्या मुलीला लगेच उत्तर सांगण्याचा मोह होईल. दोन-तीन मिनिटं थांबा. ती गुगलवर नेमकं काय टाइप करते ते लिहून घ्या. पुढे तुमच्या लेखाचं शीर्षक तेच शब्द असतील. मग मदत करा, आणि वेळ दिल्याबद्दल नीट आभार मानून चहा-पावभाजीला घेऊन जा. पुढच्या खेपेला तीच मैत्रिणींना घेऊन येईल.

दुरुस्ती: क्विकस्टार्ट, सँडबॉक्स, एरर मेसेज

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. क्विकस्टार्टचं पान एकच असावं आणि त्यात एकच वाट असावी. विंडोजसाठी वेगळा टॅब द्या, किंवा कर्लला फाटा देऊन दहा ओळींची पायथन फाइल द्या, जी सगळीकडे सारखी चालते. लॉग-इन केलेल्याला त्याची स्वतःची टेस्ट की कोडमध्ये आधीच भरलेली दिसावी.

डीएलटीचा अडथळा तुम्ही काढू शकत नाही, पण तो पहिल्या दहा मिनिटांतून बाहेर ढकलू शकता. कंपनीच्या स्वतःच्या नोंदणीकृत साच्यातून, डेव्हलपरने ओटीपीने पडताळलेल्या त्याच्याच नंबरावर, ठरावीक मजकुराचा एक मेसेज जाऊ द्या. हाच तुमचा सँडबॉक्स, म्हणजे सराव करायची सुरक्षित जागा. फोन वाजतो, माणूस हसतो. त्यानंतर सांगा की खऱ्या ग्राहकांना पाठवायचं तर नोंदणी लागेल, ती अशी करायची, कागद हे लागतात. क्रेडिट कार्डही तेव्हाच मागा.

एरर मेसेज हे डॉक्सचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान, आणि त्याकडे कुणी लेखनाच्या नजरेने बघत नाही. ‘चुकीची विनंती’ एवढंच लिहिलेल्या एररचा उपयोग शून्य. ‘नंबरात देशाचा कोड नाही, सुरुवातीला +९१ लावून पुन्हा पाठवा’ असं लिहिलं की सपोर्टचा एक ईमेल कायमचा वाचतो. ४०१ (ओळख पटली नाही) आला तर की चुकली, की टेस्टची की खऱ्या सर्व्हरला लावली, हे वेगवेगळं सांगा. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला तर किती वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा ते सांगा. कोडबेसमधून सगळे एरर एका तक्त्यात काढा, सपोर्टमध्ये सर्वाधिक वेळा आलेले वर घ्या, आणि नवा मजकूर स्वतः लिहून पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, टाका. इंजिनिअरांना ‘हे सुधारा’ म्हणणारे पुष्कळ असतात. सुधारून आणणाऱ्याची पुल रिक्वेस्ट त्याच दिवशी मर्ज होते, म्हणजे मूळ कोडमध्ये जाते.

बाकीच्या डॉक्सची मांडणी करताना डॅनिएले प्रोसिडा यांची डायटॅक्सिस पद्धत उपयोगी पडते: शिकवणारा धडा, एखादं काम कसं करायचं याची कृती, संदर्भ, आणि विषय समजावणारं विवेचन, हे चार प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत. धडा घेणाऱ्याला मध्येच सगळे पॅरामीटर ऐकवले की तो उठून जातो. पण एकट्या माणसाला चारही एकदम जमत नाहीत. आधी एक धडा आणि संदर्भ. मग सपोर्टमध्ये ज्याची विचारणा होईल त्याच्या कृती. विवेचन वर्षभर नसलं तरी बिघडत नाही.

नमुन्याचे प्रकल्प मोजकेच ठेवा. प्रत्येक नमुना सांभाळावा लागतो. लायब्ररी बदलली की तो मोडतो, आणि मोडलेला नमुना नसलेल्यापेक्षा वाईट. तीन नमुने दर आठवड्याला आपोआप चालवून तपासले जावेत, एवढं पुरे. त्यातला एक इथला असू द्या: होमस्टेच्या पाहुण्याला बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज, किंवा गाडी परत आणायची आठवण. पर्वरीतल्या त्या छोट्या ऑफिसला तो लगेच आपला वाटतो.

दर शुक्रवारी एक पान

बाहेर जे दिसलं ते आत पोचलं नाही तर सगळी धावपळ फुकट. दर शुक्रवारी संपूर्ण कंपनीला एक पान पाठवा. त्यात या आठवड्यात लोक कुठे अडले, त्यांचेच शब्द, शक्य असेल तर परवानगीने घेतलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग, आणि पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची तर कोणती. ‘ऑनबोर्डिंग अवघड वाटतं’ हे मत झालं, त्यावर वाद होतो. लॅबमधल्या मुलीचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं की वाद थांबतो आणि कुणीतरी एडिटर उघडतो. मागच्या शुक्रवारची मागणी पूर्ण झाली का, हेही त्याच पानावर, कुणाकडे बोट न दाखवता. झालेल्या दुरुस्तीचं श्रेय इंजिनिअरच्या नावाने द्या, आणि ज्या डेव्हलपरने ती दाखवली त्याला स्वतः कळवा. ‘तुमच्यामुळे हे बदललं’ असा निरोप गेलेली माणसं वर्षानुवर्षं सोबत राहतात.

कार्यशाळा: गोव्याची गणितं

मोठ्या हॅकेथॉनपेक्षा वीस जणांची दोन तासांची कार्यशाळा पहिल्या वर्षी जास्त देते. तयारी मात्र चोख हवी.

कॉलेजचं सगळं नेटवर्क बाहेरून बहुधा एकाच आयपी पत्त्यावरून दिसतं. तुमच्या सर्व्हरने प्रत्येक आयपीवर मर्यादा घातली असेल तर पाचव्या-सहाव्या साइन-अपनंतर आख्खा वर्ग अडतो आणि तुमचीच सुरक्षा यंत्रणा त्यांना हल्लेखोर ठरवते. आदल्या दिवशी तो पत्ता घेऊन मर्यादा शिथिल करून घ्या. कॉलेजच्या फायरवॉलमधून तुमचं डोमेन उघडतं का, हेही त्याच दिवशी त्याच लॅबमध्ये बसून तपासा. वीस जणांनी एकदम पायथनची पॅकेजेस उतरवायला घेतली की वायफाय झोपतं, म्हणून सगळं पेन ड्राइव्हवर न्या. पावसाळ्यात वीज जाते. लॅबचा यूपीएस किती वेळ टिकतो ते लॅब असिस्टंटला विचारा, प्राध्यापकांना ते ठाऊक नसतं.

तारखा बघून ठरवा. चवथीच्या आठवड्यात गोव्यात कुणी भेटत नाही. कार्निव्हल आणि शिगम्याचे दिवस, सत्र परीक्षा टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बंगळूर-मुंबईहून लॅपटॉप घेऊन आलेली खूप माणसं भेटतात आणि मीटअपला गर्दी होते. त्यांचं स्वागत करा, त्यांच्याकडून शिका, पण त्यांच्या संख्येवर योजना आखू नका. जुलैच्या पावसात मडगावहून कदंबच्या बसने पणजीला येतात ते तुमचे खरे लोक.

भाषेची काळजी करू नका. मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी यांची सरमिसळ इथल्या वर्गात रोजचीच. प्रश्न ज्या भाषेत येईल त्या भाषेत उत्तर द्या. झुआरीनगरला मात्र देशभरातली मुलं असतात, तिथे इंग्रजी-हिंदी.

हजेरीपटावरचे फोन आणि ईमेल विक्री विभागाला परस्पर देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो हे एक कारण. मुलांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिले, हे दुसरं आणि माझ्या लेखी मोठं. संपर्क हवा असेल तर वेगळी चौकट ठेवा, आणि ती रिकामी ठेवायची मोकळीक द्या.

डिस्कॉर्ड आणि परिषदा

चॅटचा ग्रुप तेव्हा उघडा, जेव्हा लोक तुमच्या अपरोक्ष एकमेकांना उत्तरं देऊ लागतील. तोवर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या चर्चा पुरतात, आणि त्या गुगलवर सापडतात. डिस्कॉर्डमधलं उत्तर गुगलला दिसत नाही. कुठेही असा, कामाच्या दिवशी आलेला प्रश्न त्याच दिवशी टिपला जावा. उत्तर माहीत नसेल तर ‘विचारून उद्या सांगतो’ एवढं लिहा आणि उद्या खरोखर सांगा. विचारलेली सोय आपल्याकडे नसेल तर नाही म्हणा, आणि दुसऱ्या कुणाची वस्तू त्याच्या कामाला बरी असेल तर तसंही सांगा.

परिषदांसाठी वर्षाला दोनच निवडा. उदाहरणार्थ, पायथन भाषेची २००९ पासून भरणारी पायकॉन इंडिया आणि मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या फॉस युनायटेडची इंडियाफॉस. व्याख्यानांचे प्रस्ताव काही महिने आधी मागवतात. कंपनीची जाहिरात करणारा प्रस्ताव पाठवू नका. २०२ चं उत्तर येऊनही मेसेज का पोचत नाही, अशासारखा, तुमच्या कामातून निघालेला विषय द्या.

मोजायचं काय

दर आठवड्याच्या नव्या साइन-अपचा एक गट धरा. त्यातल्या किती जणांनी की बनवली, किती जणांचा फोन वाजला, सात दिवसांनी किती परत आले, महिन्याभरात किती जणांनी खऱ्या ग्राहकांना मेसेज पाठवले. साइन-अपपासून फोन वाजेपर्यंतचा वेळ मोजताना सरासरी घेऊ नका, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. एक जण तीन दिवसांनी परत आला तरी सरासरी कुठच्या कुठे जाते. याशिवाय सपोर्टमधले पुन्हा पुन्हा येणारे पाच प्रश्न: तिमाहीअखेरीस यादीत तेच पाच असतील तर दुरुस्ती झालेली नाही. साइन-अपच्या शेवटी ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असा मोकळा रकाना ठेवा. व्याख्यानं, स्टिकर, फॉलोअर्स यांची नोंद ठेवायला हरकत नाही, पण संस्थापकासमोर वरचा तक्ता ठेवा.

दुसरा माणूस घेताना

वर्षाच्या आसपास तुमचा दिवस पुरेनासा होईल. दोन आठवडे वेळेची नोंद ठेवा आणि जे काम सर्वाधिक वेळ खातं त्या कामाचा माणूस मागा: डॉक्स असतील तर तांत्रिक लेखक, एसडीके, म्हणजे एपीआय वापरायच्या तयार कोडच्या लायब्ररी, असतील तर लिहिता येणारा इंजिनिअर. तुमच्यासारखाच दुसरा वक्ता घेतलात तर ती दोन्ही कामं तशीच पडून राहतील. चाचणी म्हणून सपोर्टमधला एक खरा प्रश्न द्या, त्याचं उत्तर लिहायला सांगा आणि तो प्रश्न पुन्हा येऊ नये म्हणून डॉक्समध्ये बदल सुचवायला सांगा. अर्ध्या दिवसापेक्षा मोठं काम देऊ नका, आणि निवड होवो न होवो, त्या अर्ध्या दिवसाचे पैसे उमेदवाराला द्या.